लाल दिवा जाईपर्यंत

आमच्या घरात पंखा लावायचा तर ताईची परवानगी लागते. भर उन्हाळ्यात मी पडद्यांना चुण्या घालत बसलेली असते, कपडे अंगाला चिकटलेले असतात, आणि पंख्याच्या बटणाकडे नुसता हात गेला की आतल्या खोलीतून ओरडा येतो, "वारा नको! मोजणी चालू आहे!" शिलाई मशीनची मोटर लावली तरी तेच. त्याने म्हणे आकडे थरथरतात. माझं पोट त्या मोटरवर चालतं, पण त्याचं कुणाला काय! मग मी पायाने मशीन चालवते आणि तोंडाने ताईचा उद्धार करते.

ताई माझी मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही, माझा नवरा लवकर गेला, तेव्हा आम्ही दोघी एका घरात आलो. तिचा सगळा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला. दुकानांतले काटे, गोदामांतले काटे, सोनारांचे ते काचेच्या पेटीतले नाजूक काटे. तिने हात लावलेला काटा पुन्हा कुणी खोटा ठरवला नाही, आणि माझ्या मते इथेच ती बिघडली. आयुष्यभर दुसऱ्यांचं खरंखोटं करत फिरलं की माणसाला वाटायला लागतं की माप आपल्याच खिशात आहे. मी कापड कापलं की ती मागे उभी राहून म्हणते, "बोटभर कमी पडणार." पडतं कधीकधी. म्हणून बोलून दाखवायचं?

काम थांबल्यावर तिला हा नाद लागला. मोबाइलचे जुने मनोरे पाडतात, त्यातलं सामान आमच्या भंगारवाल्याकडे येतं. त्याने एकदा एक जड पेटी आणून दिली, डब्याएवढ्या आकाराची. ताईने ती उघडली आणि तिचे डोळे असे चमकले की मला वाटलं आत सोनं आहे. ते निघालं अणुघड्याळाचं यंत्र. मी शेजारीपाजारी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आमच्याकडे अणुघड्याळ आहे म्हणून. शेजारीण म्हणाली, "मग किती वाजले?" आता काय सांगू? त्याला काटे नाहीत, आकडे नाहीत. किती वाजले एवढं सोडून त्याला सगळं कळतं.

आतमध्ये नखाएवढा काचेचा दिवा असतो. त्यात रुबिडियम नावाच्या धातूचा कण. तो तापला की जांभळट उजेड पडतो. त्या धातूच्या अणूंची एक ठरलेली लय आहे, आणि पेटी त्या लयीला धरून सेकंदाला एक कोटी ठोके देते. एक कोटी म्हणजे एक कोटी, वर एक नाही, खाली एक नाही. पेटी जुनी झाली की दिव्यातला धातू भलत्या जागी काचेला चिकटून बसतो, आतले वीज साठवणारे छोटे कपॅसिटर सुकतात, मग लय सुटते. ते दुरुस्त करायचं आणि मग पेटी खरी की खोटी ते तपासत बसायचं, हा ताईचा छंद. लोक म्हातारपणी मांजर पाळतात.

पेटी चालू केल्यावर आधी एक लाल दिवा लागतो. म्हणजे ती अजून लय शोधतेय, आंधळ्यासारखी चाचपडतेय. लय सापडली की लाल दिवा जातो. "लाल दिवा जाईपर्यंत आकड्याकडे बघायचंसुद्धा नाही," असं ताई मला शंभरदा बजावायची. जशी काही मी बघायला तडफडत होते.

आता चष्मेवाले. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं छोटं दुकान. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दूरच्या शहरात. माझा चष्मा करायला ताई सोबत आली होती, तेव्हा तिने त्यांच्याकडे फ्रेमा गरम करायचं यंत्र पाहिलं आणि विचारलं, "यात काचेचा दिवा तापवता येईल का?" दुसरा कुणी असता तर हाकलून दिलं असतं. त्यांनी विचारलं, "कसला दिवा?" झालं. भंगारवाल्याकडून त्यांनीही एक पेटी आणली, आणि दर रविवारी ते आमच्या आतल्या खोलीत ठाण मांडून बसायला लागले.

त्यांचं काम देखणं होतं. अर्ध्या फ्रेमच्या चष्म्याची काच ज्या बारीक नायलॉनच्या दोऱ्याने धरून ठेवतात ना, त्याच दोऱ्याने ते पेटीतल्या तारांच्या जुड्या बांधायचे. गाठी इतक्या नीट की मला माझ्या शिवणीची लाज वाटावी. आणि माणूस गोड. आल्या आल्या पंखा लावायचे. ताई ओरडली की म्हणायचे, "अहो बाई, पाच मिनिटांच्या वाऱ्याने अणूंना काय पडसं होतंय?" आणि ताई हसायची. माझी ताई! तिला हसताना मी लहानपणी पाहिलं होतं, त्यानंतर थेट तेव्हा. मी मनातल्या मनात त्यांना भावोजी म्हणून टाकलं होतं. वय झालेलं असलं म्हणून काय झालं? दोन पेट्या एका टेबलावर राहतात, तर दोन माणसं एका घरात राहू शकली नसती?

पण माझ्या बहिणीच्या जिभेला हाड नाही.

या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. रेडिओ दुरुस्त करणारा एक, आणखी पाचसहा टकले. रेडिओवाल्याला दुकानात एक खात्रीची पेटी कायम ठेवायची होती, म्हणजे सगळ्यांनी आपापली यंत्रं तिच्याशी जुळवून घ्यायची. ताईची ठेवायची की चष्मेवाल्यांची, ते तपासून ठरवू म्हणाले. तपासणी आमच्याकडे, कारण उपग्रहांकडून वेळ घेणारा रिसीव्हर मंडळात फक्त ताईकडे. त्याचा अँटेना आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला बांधलाय.

तपासायची रीत सोपी आहे, मलाही कळते. मोजणाऱ्या यंत्राला एक तार पुढून लागते, एक मागून. पुढून लावायची ती पेटी जिची परीक्षा घ्यायची. मागून लावायची ती तार जिच्यावर विश्वास ठेवायचा, म्हणजे त्या रिसीव्हरची. मागच्याला खरं धरून यंत्र पुढच्याचे ठोके मोजतं. एक कोटीच्या पुढे सगळी शून्यं आली तर पेटी खरी.

त्या रविवारी टकल्यांनी खोली भरली. ताईने आधी आपली पेटी लावली. एक, आणि पुढे शून्यं, शून्यं, शून्यं. एकही आकडा जागचा हलेना. सगळे "वा" म्हणाले. मग चष्मेवाल्यांची लावली. शून्यांऐवजी नऊ, नऊ, नऊ, आणि शेवटच्या घरांत भलतेच आकडे; एक कोटीला थोडी कमी. ताईने ते मोठ्याने वाचून दाखवले.

चष्मेवाले म्हणाले, "बाई, मी मुलीकडे गेलो तेव्हा तिच्या शहरातल्या एकाच्या रिसीव्हरवर बघितलीय, बरोबर येत होती. तुमच्या मागच्या तारा एकदा बघता का?"

एवढंच. शांतपणे म्हणाले बिचारे. दुसरं कुणी असतं तर वाकून बघितलं असतं. पण ताईच्या तारा बघायला सांगितलं! चारचौघांत! भिंतीला रंग द्यायचा म्हणून तिने नुकतंच टेबल हलवलं होतं आणि सगळ्या तारा काढून परत लावल्या होत्या. सगळ्या एकजात काळ्या. एकीलाही चिठ्ठी नाही, कारण "माझ्या तारा मला डोळे मिटून कळतात." ती ताडकन म्हणाली, "तुमच्या चष्म्यातून आकडेसुद्धा हवे तसे दिसतात वाटतं. बरोबर आली नव्हती, बरोबर आहे असं येऊन सांगितलंत. आकडे जुळवून आणायचे असले तर या घरात आणू नका."

चष्मेवाल्यांनी पेटीची तार काढली, खिशातून काच पुसायचं फडकं काढलं, त्यात पेटी गुंडाळली आणि मला म्हणाले, "येतो." मला. ताईला नाही. त्यानंतर ते आले नाहीत.

मी ताईला काय काय बोलले ते लिहीत नाही, कागद जळेल. तिचं आपलं एकच, "आकडा खोटा बोलत नाही." रेडिओवाला दुकानात जागा झाली की ताईची पेटी नेणार होता; तोवर रविवारी ती पेटीसमोर एकटी बसायची आणि जिना वाजला की मान वळवायची. जिना वाजवायची दूधवाली. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. एवढी वाट बघतेस तर चार पावलांवर दुकान आहे, जा ना! पण नाही. नाक खाली यायला नको.

मग कळलं की चष्मेवाले दुकान बंद करून मुलीकडे राहायला चाललेत, कायमचे. मी ते ताईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मी कात्री आपटली.

त्याच आठवड्यात दुपारी वीज गेली आणि आली. मी पाण्याचा पेला घेऊन आतल्या खोलीत गेले. ताईने पेटी पुन्हा चालू केली होती, ती थंडगार होती, लाल दिवा लागलेला होता. मोजणारं यंत्रही चालू होतं. मी सहज बघितलं, आणि ताईनेही त्याच वेळी बघितलं.

यंत्रावर एक, आणि पुढे शून्यं, शून्यं, शून्यं.

पेटी अजून चाचपडत होती. तिला अजून काहीही सापडलेलं नव्हतं. आणि यंत्र सांगत होतं की ती अगदी तंतोतंत आहे. मला विज्ञान कळत नाही, पण झोपेतून न उठलेला माणूस धावण्याची शर्यत जिंकला असं कुणी सांगितलं तर ते मलाही कळतं. ताईने हळूच हात यंत्रामागे घातला, तार चाचपत चाचपत शेवटापर्यंत नेली. ती रिसीव्हरला जात नव्हती. ती तिच्याच पेटीला जात होती. पुढूनही तीच पेटी, मागूनही तीच. पेटी इतके दिवस स्वतःलाच स्वतःशी ताडून बघत होती आणि दर वेळी पैकीच्या पैकी मार्क घेत होती.

मग तिने रिसीव्हरची तार शोधून मागे लावली. लाल दिवा जाईपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो. मग खरा आकडा आला. चष्मेवाल्यांची पेटी जितकी कमी दिसली होती, बरोबर तितकीच ताईची जास्त निघाली. त्या दिवशी त्यांची पेटीही हिच्याच पेटीशी ताडली गेली होती. म्हणजे त्यांची अगदी बरोबर होती. चूक सगळी या टेबलावर होती.

"ऊठ," मी म्हटलं. "चप्पल घाल."

"एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नसतो," ताई म्हणाली. "चालू ठेवते थोडे दिवस. सरासरी निघू दे. मग जाऊ."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "माफी मागायला कसली डोंबलाची सरासरी लागते गं?"

"तुला कळत नाही त्यातलं."

"मला सगळं कळतं! त्या माणसाला खोटारडा म्हणताना एकच मोजणी पुरली तुला. तेव्हा कुठे गेली होती सरासरी?"

तिने खोलीचं दार लावून घेतलं. पंखा बंद, मोटर बंद, मी घामाने थबथबलेली, आणि आत माझी बहीण सरासरी काढतेय. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही आणि भाजीत मीठ घातलं नाही. तिने दोन्ही मुकाट्याने गिळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला आला. हसत हसत पिशवी उघडून म्हणाला, "ताई, खास तुमच्यासाठी ठेवलंय. बाकी कुणी विचारत नाही याला."

पिशवीत एक पेटी होती. वरचं जाड पत्र्याचं झाकण त्याने उचकटून काढलेलं, वजनात विकायला. आतला काचेचा दिवा फुटलेला. तारा उघड्या पडलेल्या, आणि प्रत्येक जुडीला बारीक नायलॉनचा दोरा, नीट गाठी मारलेला.

ताईने विचारलं, "कुठून आणलीस?"

"चष्म्याच्या दुकानातून. खाली करतायत ना. मी म्हटलं, काका, चालू दिसतेय की. तर म्हणाले, खोटी आहे, तोडून टाक."

ताई पायरीवरच बसली. त्या गाठींवरून बोट फिरवत राहिली. भंगारवाला घाबरला, म्हणाला, "काही चुकलं का माझं?" मी म्हटलं, "तुझं नाही रे बाबा." आणि ताईकडे वळून म्हटलं, "निघाली सरासरी?"

हे बोलायला नको होतं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी अजूनही म्हणेन. शहरात एक पेटी खरी होती आणि हिच्या जिभेपायी ती हातोड्याखाली गेली.

ताई उठली. आत जाऊन तिने स्वतःची पेटी बंद केली, गरम होती तशीच पिशवीत टाकली, आणि चप्पल उलटसुलट घालून निघाली. मी मागे.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. चष्मेवाले खोक्यात रिकामे स्टँड भरत होते. आम्हाला बघून म्हणाले, "या." आवाजात काही नव्हतं, ना राग ना लोभ. त्याने मला जास्तच भीती वाटली.

ताईने सुरू केलं, "मागची तार, टेबल हलवलं तेव्हा रिसीव्हरऐवजी माझ्याच पेटीची..."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "सांगितलंही होतं. दुसरं बोला."

ताईने पिशवीतून पेटी काढून काचेच्या काउंटरवर ठेवली. "ही घेऊन जा. ही चुकतेय."

"कोण चुकतंय?"

"ही. पेटी."

चष्मेवाल्यांनी पेटी परत तिच्याकडे सरकवली. "पेटीला काय कळतंय बाई? तिला जे सापडलं ते ती सांगते."

माझा जीव टांगणीला लागला. मी तोंड उघडलं, "अहो, तिला म्हणायचंय की..." त्यांनी हात वर केला. "तुम्ही नको. त्यांना बोलू दे." तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की हा गोड माणूस आतून किती पेटलेला आहे. मला आवडलं ते. कुणीतरी माझ्या बहिणीवर माझ्याइतकं चिडलं होतं.

ताई काउंटरवरच्या ओरखड्याकडे बघत राहिली. बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. मग ती म्हणाली, "मी. मी चुकले." आणि मग, "तुम्ही आकडे जुळवले नव्हते. तुम्ही खरं बोललात आणि मी सगळ्यांदेखत तुम्हाला खोटं पाडलं."

चष्मेवाल्यांनी पेटी आपल्याकडे ओढली.

"किती चुकते?" त्यांनी विचारलं.

ताईने आकडा सांगितला. त्यांचा वाचला होता तसाच, मोठ्याने, एकेक घर सुटं करून.

"बरंच आहे की," ते म्हणाले.

"हो."

"आणि माझी?"

मीच सांगितलं, "दिवा फुटला. झाकण काढताना." ते पाठमोरे झाले, चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता. "मीच दिली तोडायला," म्हणाले. "रागात दिली." मग खण उघडून त्यांनी नायलॉनच्या दोऱ्याचं एक रीळ काढलं आणि ताईच्या हातावर ठेवलं. "तारांना बांधा. मागच्या तारेला दोन गाठी, पुढच्यांना एक. डोळे मिटून कळतं म्हणता ना, मग निदान हाताला तरी लागू दे."

माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत. टेंपोवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला. ताईची पेटी त्यांनी त्याच फडक्यात गुंडाळली आणि खोक्यात नाही, स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवली. आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर ताई आतल्या खोलीत गेली. टेबलावर मोजणारं यंत्र होतं, रिसीव्हर होता, आणि मोजायला काहीच नव्हतं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "लाव तुझा पंखा. मोटरही लाव."

इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडले ते आयतं हातात आलं. मी पंखा लावला, मशीनपाशी बसले. वारा अंगावर येत होता. ताई खुर्चीत बसली होती, मांडीवर ती फुटकी पेटी, आणि पंख्याच्या वाऱ्याने तारांची सुटी टोकं हलत होती. मी पडद्याची एक चुणी घातली, दुसरी घातली, तिसरी वाकडी गेली. कसला वारा आणि कसलं काय! मला त्या वाऱ्याचा असा संताप आला की मी उठले आणि खटकन बटण बंद केलं.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"भंगारवाल्याला फोन लाव," मी म्हटलं. "त्याला सांग, मनोऱ्याचं सामान आलं की आधी इथे आण, आणि झाकणाला हात लावू नकोस. दिवा सापडेल कुठेतरी. सापडेपर्यंत त्यातले कपॅसिटर तपास. बसून काय राहिलीस?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची टेबलाकडे ओढली आणि रिळातून हातभर दोरा काढला. मी घाम पुसत पायाने मशीन चालवायला लागले.